सायलेन्सर झाला का, असं विचारता त्याबद्दल

चाकूर, रविवार

आदरणीय प्रेमदादांना पंचशीलाचा जयभीम.

तुमची शुगर आता कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली का? नांदेडला ऊन इकडच्यापेक्षा जास्त असतं, दुपारचं बाहेर पडू नका. आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे मी शाळेत जाते, क्लार्कचं काम करते, घरी येते. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "सायलेन्सर झाला का?" एवढंच विचारता आणि मी "होईल" म्हणेपर्यंत ठेवून देता. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तुम्ही ट्रक विकायचा म्हणून निलंग्याच्या महांतेश शेठना दाखवायला आणलं, तेव्हा ते म्हणाले, इंजिन चांगलं आहे, पण खालचं हे सोंग मी घेणार नाही. सायलेन्सर नीट करून ठेवा, त्याच दिवशी ट्रक नेतो. त्यांचं काही चुकलं नाही. मूळचा सायलेन्सर आमच्या यांनी लोह्याच्या रस्त्यावर कुठंतरी पाडला, शोधायला मागं गेले नाहीत, आणि घरी येऊन बोअरच्या पाइपाचा तुकडा, तेलाचा रिकामा डबा आणि बांधायची तार यांच्यावर भागवलं. मी विचारलं तर म्हणाले, तात्पुरतं हाय. (ते तात्पुरतं त्यांच्यापेक्षा जास्त टिकलं.) आवाज असा की ट्रक बस स्टँडपाशी आला की मी इकडं भाकरी थापायला घ्यायची.

तर मी सायलेन्सर नीट करायला काढला. म्हणजे मी काढला नाही, तो निघाला. हे गेल्यापासून लोक भेटायला येतात हे तुम्हाला माहीत आहे. बायका येतात, जवळ बसतात, रडतात, मला चहा करू देत नाहीत. पुरुषांचं अवघड असतं. गेलेल्याच्या बायकोशी काय बोलावं हे त्यांना कळत नाही. ते खुर्चीवर बसतात, पाणी पितात, पंख्याकडं बघतात. आणि आपल्या अंगणात ट्रक उभा. ट्रकशी काय बोलावं हे सगळ्यांना कळतं. चहा होईपर्यंत माणूस ट्रकखाली गेलेला असतो, नुसते पाय दिसतात. बाहेर आला की डोळे लाल. धुरानं चुरचुरतात, असं म्हणतात. (इंजिन बंद असतं.) आता सांत्वनाला आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?

पहिले आले भुजंगभाऊ, ग्रील आणि पाळणे बनवणारे. त्यांनी यांची तार तोडून टाकली, "ही काय पद्धत हाय व्हय?" म्हणाले, आणि पाइप थेट ट्रकच्या सांगाड्याला, म्हणजे चेसीला, वेल्डिंग करून टाकला. काम इतकं पक्कं की ट्रक मोडला तरी पाइप मोडणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. ट्रक चालू केला. इंजिन हललं, चेसी हलली नाही, पाइप मधल्यामध्ये मोडला. भुजंगभाऊंनी तो पुन्हा जोडला, आणखी पक्का. पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा मोडला. असं चालूच.

मग किशनमामा आले. मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली, पण बसमध्येच फाडली, म्हणून बसचं सगळं त्यांना कळतं. केबिन तापते म्हणून त्यांनी पाइपाला ओलं पोतं गुंडाळलं. पोतं वाळलं आणि पेटलं. त्या वेळी उदगीरकडच्या बायका भेटायला आल्या होत्या. अंगणातला धूर बघून त्यांना वाटलं, आणखी काही झालं. रडणं परत पहिल्यापासून सुरू झालं.

आणि शिवमूर्ती सर. ते आमचे हेडमास्तर, विज्ञान शिकवतात, त्यांना तर नाही म्हणायची सोयच नाही. त्यांचं म्हणणं, धूर वर जातो, मग खाली कशाला सोडायचा? ट्रॅक्टरसारखं नळकांडं केबिनमागून वर काढा. भुजंगभाऊंनी काढलं. ट्रक चालू केला आणि साचलेली सगळी काजळी भप्पकन वर गेली, थोडा वेळ दिसली नाही, मग समोरच्या सगुणाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरली. सगुणाबाई दारात येऊन म्हणाल्या, "पंचशीला, मालक गेले, लई वाईट झालं. पर माज्या कुरडयानं काय केलं होतं गं?" मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं, आणि असं हसणं बरं दिसत नाही.

तर दादा, एकूण परिस्थिती अशी आहे. महांतेश शेठना म्हणावं, अजून थोडा वेळ लागेल. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुमची बहीण,
पंचशीला

ता. क. पत्र परत वाचलं, त्यात एक राहिलं. सायलेन्सर झाला. मी रोज स्टँडवर बसची वाट बघते, तिथं सहज खाली वाकून पाहिलं तर एसटीचा पाइप रबरात लटकवलेला, गाडीबरोबर हलतो. भुजंगभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "म्याबी तेच म्हनायलो होतो." लातूरच्या जुन्या बाजारातून सायलेन्सर आणला, मध्ये हलणारा जोड टाकला, टायरच्या पट्ट्यांवर लटकवला. आता आवाज नाही, धूर नाही, मोडत नाही.

दुसरा ता. क. म्हणून अडचण झाली आहे. आता शेठना सांगायला कारण उरलं नाही. ट्रक द्यायचा नाही, हे तुम्हीच त्यांना सांगा. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तुमच्याही तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून तर पत्र.

तिसरा ता. क. चालवणार कोण, असं विचाराल. शाळा सुटल्यावर मैदानावर मीच शिकतेय. किशनमामा शेजारी बसून घंटी मारतात. पहिला आणि दुसरा गिअर पडतो. रिव्हर्स अजून पडत नाही, तेव्हा माझी समजूत घालायला आलात तर तुमची गाडी आमच्या फाटकासमोर लावू नका.