आईचं यंत्र दुकानात नेलंय

रबाब, आईचं ऑक्सिजनचं यंत्र मी सोबत नेलंय, शोधत बसू नकोस. जनरेटर घ्यायला चाललोय.

काल तू म्हणालीस, "बाबा, वीज गेली की गल्लीच्या जनरेटरची लाइन आहे ना? आई गेली, आता कशाला?" गल्लीचा जनरेटर भर दुपारी बंद ठेवतात, म्हणून. मागच्या उन्हाळ्यात दहा दुकानं फिरून मी लहानच आणला. पंखे चालले, तिचं यंत्र चाललं नाही. घेण्याआधी लावून बघायचं मला सुचलंच नाही. आज आधी हे लावून बघेन, मगच घेईन.

बाळंतपणाला सासरी जाते म्हणतेस, उकाड्याचं कारण देतेस. बसऱ्यात उकाडा सगळीकडे सारखाच. संध्याकाळपर्यंत तरी बॅग भरू नकोस.