तीनशे पन्नास, असं तुम्ही सांगायचात

बाबा,

तुमच्या गाडीचं इंजिन तीनशे पन्नास नाहीये. तीनशे सात आहे. आता लगेच "कोण म्हणतं?" करून चष्मा कपाळावर सरकवू नका, मी स्वतः बघितलंय. इथल्या मराठी मंडळातल्या एकेका काकांना बाहेर नेऊन तुम्ही बॉनेट उघडायचात. "तीनशे पन्नास क्युबिक इंच, पावणेसहा लिटर! आहात कुठे?" बिचारे काका थंडीत हात चोळत "वा, वा" म्हणायचे आणि आत त्यांची खिचडी निवत असायची. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन झोपवणारा डॉक्टर पहाटे अख्ख्या गल्लीला उठवतो, असं समोरची वेल्श आजी म्हणायची, आणि तुम्हाला ती शाबासकीच वाटायची.

झालं असं, की आई आता कार्डिफचं घर सोडून माझ्याकडे रीडिंगला यायचं म्हणतेय. गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. घरातलं काय ठेवायचं, काय टाकायचं यावर आमची रोज फोनवर जुंपते, पण गाडीबद्दल तिने एका वाक्यात निकाल लावला. "विकून टाक. हे गेल्यापासून" – म्हणजे तुम्ही, बाबा – "ती गॅरेजमध्ये नुसती झाकून पडलीय." मला विकायची नव्हती. पन्नाशीच्या बाईने, तीही सॉफ्टवेअरमधल्या, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली अमेरिकन धूड गाडी ठेवून करायचं काय? मनातलं तिला न सांगताच मी जाहिरात टाकली. पहिल्याच माणसाने फोनवर विचारलं, इंजिन कुठलं? मी तुमच्या थाटात सांगितलं. तो म्हणाला, कशावरून? पुरावा म्हणजे एअर फिल्टरच्या झाकणावरचं ते '३५०' लिहिलेलं लाल स्टिकर आणि तुमचा आवाज, एवढाच. तो म्हणाला, झाकण काय, कुणीही बदलतं. खुद्द इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर बघून सांगा.

तेव्हा शनिवारी मी कार्डिफला गेले, तुमचा जुना ओव्हरऑल चढवला आणि बॉनेट उघडलं. वासानेच रडू आलं, खोटं कशाला सांगू. तेल, गंज आणि तुमचं ते हातांना लावायचं व्हॅसलिन. नंबर दोन ठिकाणी असतात. एक मागे, गिअरबॉक्सला खेटून, तिथे डोकं जात नाही, फोन आत घालून फोटो काढावा लागला. दुसरा पुढे, आईच्या सीटच्या अंगाला, एका सपाट पट्टीवर ठोकलेला. वर चिकटलेली काजळी तारेच्या ब्रशने घासत बसले. मी रेडिओ लावला होता, तो आपोआप बंद केला. आठवतं? मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी मी रेडिओ लावला, तर तुम्ही खटकन बंद केलात. "गाडी बोलतेय. मध्ये बोलू नये." एवढंच. नंतर तुमचा जुना स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घातलात, त्याचं टोक इंजिनला लावून ऐकायला लावलंत. मी त्याचा अर्थ लावला की मी डॉक्टर व्हावं. तुम्हाला तर फक्त व्हॉल्व्हचा आवाज ऐकवायचा होता!

दोन्ही नंबर सापडले, फोनवर पडताळले, आणि दोघांची साक्ष एकच. तीनशे सात. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात म्हणे, जुळ्या भावांसारखी, पण हे धाकटं. मी खरंच हिरमुसले. आई चहा घेऊन आली, तर मी तिला असं सांगितलं जसं एखाद्याचा रिपोर्ट वाईट आलाय. ती शांतपणे म्हणाली, "हो, माहितेय मला."

"माहितेय? कधीपासून?"

"घेतली त्या दिवसापासून. ब्रिस्टलला तुम्ही सगळे बाहेर गाडीला प्रदक्षिणा घालत होतात ना, तेव्हा त्या विकणाऱ्या माणसाच्या बायकोने मला किचनमध्ये सांगितलं. मूळचं इंजिन त्याने जाळलं, मग दुसरं लहान बसवलं. झाकण तेवढं जुनं."

"आणि तू बाबांना बोलली नाहीस?"

"अगं, घरी पोचायच्या आत ह्यांनी पुलावरच्या टोलवाल्याला सांगून टाकलं होतं. आता त्याला परत जाऊन कोण सांगणार, की चूक झाली?"

टोल! गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, टोलची खिडकी उजवीकडे, त्यामुळे सेव्हर्नच्या पुलावर दर खेपेला आईनेच काच खाली करायची, पदर सावरत पैसे द्यायचे, आणि तिच्या अंगावरून वाकून तुम्ही त्या माणसाला इंजिन सांगायचात. टोल आता बंद झालाय, बाबा. तुम्हाला श्रोता कमी झाला असता.

माझा चेहरा बघून असेल, पण चहा संपता संपता आई म्हणाली, "एवढा जीव अडकलाय तर तोंड उघडून बोलायचं होतंस. नीट करून आण. मी ओट्यापाशी उभी असेन. ह्यांच्यासारखी वाजली तर ठेवू, नाहीतर तो फोनवाला घेऊन जाऊ दे." तुम्हाला माहीत आहे का, की ती घड्याळ कधीच बघायची नाही? गल्लीच्या टोकाला, चॅपलच्या कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज आला की ती आमटीला फोडणी द्यायची. तुम्ही बूट काढेपर्यंत ताट तयार. तुम्हाला वाटायचं, बायकोला अंतर्ज्ञान आहे.

आवाज तर एक्झॉस्टच्या पाइपांचा, आणि त्या पाइपांची पार चाळण झालेली. न्यूपोर्टजवळ एक वेल्डर आहे, जुन्या गाड्यांना पाइप वाकवून देतो. आईला सोबत नेलं. रस्ताभर आम्ही रणगाड्यासारख्या गेलो. तो म्हणाला, दोन्ही बाजूंनी स्टीलचे नवे पाइप टाकू, मध्ये एक जोडणारी नळी, मागे दोन सायलेन्सर. गाडी मोकळा श्वास घेईल. पण सायलेन्सरवर आवाज ठरतो, तर तुम्हाला कसा हवाय? मी इंग्रजीत चाचपडत होते, डीप, पण फार लाउड नको... आईने मला हाताने बाजूला केलं. पर्स माझ्याकडे दिली. आणि त्या शेडमध्ये, कार्डिगनच्या आत पदर खोचून, ऐंशीच्या घरातली तुमची बायको छातीतून आवाज काढायला लागली: "गुड-गुड-गुड-गुड, टिंग. गुड-गुड-गुड-गुड, टिंग." शेवटी बंद करतानाचा "धप्प"सुद्धा. वेल्डर आधी चपापला, मग वाकून, डोळे मिटून ऐकायला लागला. "वन्स मोअर, लव्ह," म्हणाला. तिने परत केलं! मी हसून हसून भिंतीला टेकले, आणि मग अचानक मला गल्लीतली संध्याकाळच ऐकू आली. किती वर्षं ती हे मनात ठेवून आहे, बाबा. एक सूर ढळला नाही.

"गुड-गुड जमेल," तो म्हणाला, "पण हे टिंग कुठलं?" गाडी वर उचलली तेव्हा कळलं. जुन्या पाइपला भोक पडलं होतं आणि त्यावर तुम्ही पत्रा गुंडाळून दोन क्लॅम्प आवळले होते. पत्रा कसला, तर आमरसाच्या डब्याचा! आतल्या घडीत त्यावर छापलेला अर्धा पिवळा आंबा अजून शाबूत. लंडनला वेम्बलीतल्या भारतीय दुकानांतून आई खोकंभर डबे आणायची, त्यातला एक. एक क्लॅम्प सैल होता, तो वाजायचा. भल्या माणसा, ऑपरेशन थिएटरमध्ये एवढे काटेकोर, आणि तुमच्या त्या जगप्रसिद्ध आवाजात निम्मा वाटा आंब्याचा! वेल्डर म्हणाला, टिंग मात्र मी देऊ शकणार नाही. आईने पत्रा किचन-रोलमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला. टिंगशिवाय ती आवाज ओळखणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पुढच्या आठवड्यात गाडी आणायला मी एकटी गेले. काय सुरेख वाजते, बाबा! खोल, भरदार, पण तालात, घसा साफ करून गायला बसल्यासारखी. चढावरही सहज जाते. मी रेडिओ लावला नाही. पण चॅपलच्या कोपऱ्यावर मी मुद्दाम हळू वळले. समोरच्या घरातली नवी पोरं खिडकीत आली. मी गाडी लावली, बंद केली, आणि दार उघडून आत पाऊल टाकलं तर हिंगाचा वास! मोहरी अजून तडतडत होती.

आई माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तो आवाज नाही हा. टिंग नाहीये त्यात."

"मग फोडणी कशाला दिलीस?"

"भूक लागली होती मला."

आम्ही गरम आमटी-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी फोनवाल्याला तिनेच फोन करून सांगितलं, सॉरी, गाडी विकायची नाही, आमच्या घरची आहे. माझी छोटी गाडी आता रीडिंगला रस्त्यावर उभी असते, कौन्सिलच्या पार्किंग-परमिटवर, आणि दारात तुमचं धूड.

हे पत्र ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण तो आईच्या पुढ्यात येतो, आणि भुकेचं कारण मी एक क्षणही खरं मानलं नाही हे तिला कळायला नको. त्यामुळे राहू दे माझ्यापाशीच. तरी एक सांगायचं उरलंच. रीडिंगला येताना आम्ही पेट्रोल भरायला थांबलो, तर एक गोरा म्हातारा गाडीभोवती फिरून आला आणि विचारू लागला, कुठलं इंजिन? मी खरं ते सांगायला तोंड उघडणार, तोच उजव्या बाजूची काच खाली आली, जशी पुलावर यायची. "थ्री-फिफ्टी," आई म्हणाली. "ओरिजिनल." म्हातारा म्हणाला, वा, वा. आणि घरी आल्यावर, ती झोपलेली असताना, मी बॉनेट उघडलं. झाकणावरचं ते लाल स्टिकर एका कोपऱ्यातून सुटत आलं होतं. मी ते पुसून, नीट दाबून, परत चिकटवलं.