अख्खा शॉट

उस्मानपुरा, औरंगाबाद
मे २०१६

प्रिय हिमानी,

फोनच करणार होते. पण फोनवर तू गोड बोलतेस, मी विरघळते आणि बोलायचं ते राहूनच जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढी तरी सोय. आज नळाला पाणी आलं, पिंपं भरून झाली, म्हणून निवांत बसलेय. आपलाच सिनेमा बघायला आपण तोंडावर पदर घेऊन ज्या टॉकीजमध्ये गेलो होतो ना, ती पाडली. तिथं दुकानांचा कॉम्प्लेक्स होतोय. सिनेमा आता मॉलमध्ये, सरकत्या जिन्यानं वर जाऊन बघायचा. शहर चहूकडं वाढतंय आणि पाणी आठवड्यातून एकदा. तक्रार करायला लिहीत नाहीये, पण तक्रारीशिवाय मला सुरुवातच करता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात तू शूटिंगला दौलताबादला आलीस, तेव्हा मी तुला भेटायला आले असं तुला वाटलं. खोटं. मी माझ्या लेकीला बघायला आले होते. स्वरदा तुझ्याकडं राहते, तू काढतेस त्या सिनेमांचं एडिटिंग करते, याचं मला कौतुक आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण माझ्याशी फोनवर तिचं बोलणं म्हणजे हो, नाही, जेवले, ठेवते. आणि तिथं झाडाखाली ती तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, ‘‘हिमूमावशी, हे बघ ना गं!’’ मला कधी ‘बघ ना गं’ म्हणाली नाही, हिमानी. तू दिलेला चहा मी तसाच मातीत ओतला.

शूटिंगची जागाही नेमकी तीच, किल्ल्याखालचा उतार. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात विद्यापीठाच्या नाट्यविभागातून आपल्या दोघींना त्या सिनेमासाठी उचललं होतं. तू नायिका, मी तुझी थोरली जाऊ. तुला गाणी, मला घागर. गावात टँकर आला होता आणि बायकांनी शूटिंगसाठी एकच घागर भरू दिली. फिल्मही महाग, म्हणून दिग्दर्शक साहेबांनी बजावलं होतं, टेक एकच. कॅमेरा लांब, एका जागी उभा. मी उताराच्या पायथ्यापासून दारापर्यंत चालत आले, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. मध्ये कुठं कट नाही, संगीत नाही. घागर भरलेली होती म्हणून मान आपोआप ताठ राहिली. तेव्हा असेच शॉट असायचे. लोकांनी हवं तिथं बघावं, कुणी पायाकडं, कुणी चेहऱ्याकडं, कुणी मागच्या उजाड रानाकडं. थिएटरात त्या वेळी कुणी खोकलंही नव्हतं. तू माझा हात घट्ट धरला होतास.

आणि आता तू! तसंच घागर घेऊन चालायचं, पण तुकड्यातुकड्यांत. पावलांचा शॉट वेगळा, घागरीचा वेगळा, मानेवरच्या घामाचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. वरून ते ड्रोन घोंघावत होतं. घागर रिकामी. मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तुला सलग चार वाक्यं कधी पाठ झाली नाहीत. तुकड्यांचा जमाना आला आणि तुझं नशीब फळफळलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणशील मला. म्हण. संध्याकाळी स्वरदानं ते तुकडे लॅपटॉपवर जोडून दाखवले. माझ्या शेजारी गावातल्या भामाबाई उभ्या होत्या, जन्मभर पाणी वाहिलेल्या. मी मुद्दाम त्यांच्या कानाला लागले, की अहो, घागर रिकामी होती बरं का. त्या डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘आसंल की, पर लई रडवलं बाईनं.’’

मीही पदराचं टोक डोळ्यांना लावलं. शेवटच्या तुकड्यात नुसते तुझे डोळे होते, पापणी हलायच्या आधीच स्वरदानं कापलेले. तू काय दिलंस आणि तिनं काय कापलं, कुठं एकीचं संपतं आणि दुसरीचं सुरू होतं, कळेना. तुम्ही दोघींनी मिळून केलेलं ते होतं. मी वैजापूरच्या शाळेत शिकवायला जन्मभर एसटीनं गेले, तू मुंबई गाठलीस, त्याचा हेवा मी कधीच गिळला होता. हा मात्र गिळता येईना. मी कुणालाही न सांगता रिक्षात बसून घरी आले.

काल स्वरदाचा फोन आला, रडत. तिनं म्हणे कुठल्याशा गोदामातून आपल्या त्या सिनेमाची जुनी प्रिंट मिळवली आणि तुझ्या सिनेमात, तुला तुझी जाऊ आठवते तिथं, माझा तो शॉट घातला. अख्खा, एक कटही न लावता. तू म्हणालीस, एवढ्या वेळात लोक मोबाइल काढतील, दोन-चार सेकंद ठेव. तिनं ऐकलं नाही, तू आवाज चढवलास, आणि ती तुझं काम सोडून उद्या संध्याकाळी घरी यायला निघणार आहे. माझ्यासाठी, हिमानी. ती म्हणाली, ‘‘आई, तो शॉट मी कितीदा बघितला, तुला सांगितलंच नाही.’’ मी फोन ठेवला आणि अंगात वारं शिरल्यागत तिची खोली झाडली, चादर बदलली. तुझ्याकडून तिला मी जिंकलं होतं. मग त्याच पलंगावर बसले आणि ते तुझे डोळे आठवले, तिनं कापलेले. इथं ती काय कापणार? लग्नांचे व्हिडिओ? म्हणून हे लिहितेय, आणि समोरचा मुलगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला निघालाय, त्याच्या हाती देतेय. तिला येऊ देऊ नकोस. दारात आडवी पड, पाया पड, काय वाटेल ते कर. आणि माझा शॉट काप. आईनंच सांगितलंय म्हणावं. फक्त कात्री तिच्याच हातात दे, माझे कुठले दोन-चार सेकंद ठेवायचे ते तिला ठरवू दे.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
दमयंती