कपाळावरची सुई

निमगाव सावा
१२ मार्च २००४

तीर्थरूप दादा,

तुमचं दहावं झालं आणि आईचं विसरणं वाढलं. भाजीत दोनदा मीठ पडतं, डोळ्यांवरचा चष्मा ती घरभर शोधते. ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, पण यावर खात्रीचं औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आळेफाट्याला सुया टोचणाऱ्या डॉक्टरांकडे तिला नेतो. प्रयत्न करून पाहू, एवढंच तेही म्हणाले.

हातापायांच्या सुया ती मुकाट्याने घेते. "डाक्टर, बाभळीच्या काट्यापुढं ह्ये काईच न्हाई," म्हणून त्यांना हसवते.

आज दोन भुवयांच्या मधे सुई लावायची होती. त्यांनी कुंकू पुसायला सांगितलं. तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी पुसलेलं कुंकू ती पुन्हा लावू लागली आहे. माझ्या बायकोने एकदा अडवलं, तर "नवरा जित्ता असताना मोकळं कपाळ ठिवू व्हय गं?" असं तिने सुनावलं. तेव्हापासून आम्ही तिला अडवत नाही.

मी ओला कापूस घेऊन पुढे झालो. तिने माझा हात धरला.

"सोमा, आधी तुज्या दादांना इचार. ते व्हय म्हणले तर पूस."

मी कापूस खिशात घातला आणि तिला घेऊन परत आलो.

सुईने गुण आला, तर तुम्ही नाही हेही तिला कळेल. नाही आला, तर उद्या ती मलाही विसरेल. घरी आल्यापासून ती विचारते आहे, "काय म्हणले रं ते?"

दादा, काय सांगू तिला?

तुमचा,
सोमनाथ