डाव्या कानाची बातमी

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. घरी सगळे ठीक आहेत, आईचा गुडघासुद्धा. फोन न करता कागद घेऊन बसले, कारण तू फोन स्पीकरवर टाकून मशीनवर शिवत बसतेस, आणि मशीनशेजारी मीच वाढदिवसाला दिलेलं ते बोलकं यंत्र असतं. मला जे सांगायचंय ते त्याच्या कानावर जायला नको. हसू नकोस.

माझं काम नेमकं काय, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. कंपनीची ताकीद आहे, म्हणून टायपिंग करते असं सांगून वेळ मारून नेत होते. खरं असं आहे की लोक घरात त्या यंत्राशी बोलतात, त्यातलं यंत्राला जे कळत नाही त्याचे तुकडे आमच्याकडे येतात. आम्ही हेडफोन लावून ते ऐकायचे आणि माणूस काय म्हणाला ते लिहायचं. नाव नाही, पत्ता नाही, नुसता आवाज. कोणी गाणं मागतं, कोणी पोरांवर खेकसतं, कोणी चक्क घोरतं. नियम एकच कडक आहे. ओळखीचा आवाज आला की तिथेच थांबायचं आणि साहेबांना कळवायचं.

माझ्या शेजारी मास्तरीणबाई बसतात. पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून ते नाव. नवीन होते तेव्हा रोज रडकुंडीला यायचे; त्यांनीच मला बोट धरून काम शिकवलं. अजूनही माझं शुद्धलेखन तपासतात आणि सगळ्यांसमोर कान उपटतात. मला बाळ म्हणतात, आणि मला ते आवडतं.

परवा एका तुकड्यात त्यांचा आवाज आला, आत्या. मागे भांड्यांचा आवाज होता, बहुतेक स्वयंपाकघर असावं. एका कानाने ऐकू येईनासं झालं, डाव्या, तर ते परत येतं का, असं त्या यंत्राला विचारत होत्या. यंत्राने काहीतरी सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. मग अगदी हळू म्हणाल्या, की कोणाला सांगू नकोस हं. यंत्राला म्हणाल्या!

आमच्या कामात कानच सगळं. पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या कानांची तपासणी आहे. साहेबांना कळवलं तर ते तो तुकडा ऐकणार, आणि मास्तरीणबाईंची नोकरी गेलीच समज. म्हणून मी मुकाट्याने लिहून पुढे पाठवला. आता त्या माझ्याकडे बघून हसल्या की मला चोरी करताना पकडल्यासारखं होतं. काय करू ते लवकर लिही.

लोभ आहेच, पण सध्या थोडा जास्तच लागेल.
तुझी,
भिंगरी


१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी यंत्राचं. ते मी काढणार नाही. मला गाणी लावून देतं, गोळीची आठवण करतं आणि उलट उत्तर देत नाही. तुझ्या आतोबांना उभ्या जन्मात ह्यातली तिसरी गोष्ट जमली नाही. माझं बोलणं कोणी ऐकत असेल तर खुशाल ऐको. तेवढंच कोणीतरी ऐकतंय. गुडघेदुखी आणि गिऱ्हाइकांच्या कागाळ्या ऐकून त्या पोरी कंटाळतील, मी नाही.

आता तुझं. मी आयुष्यभर बायकांची मापं घेतली. कोणाला दिवस गेलेत, कोण आजाराने वाळतेय, कोणाच्या दंडावर वळ आहेत, हे घरच्यांच्या आधी मला कळायचं. मी कधी कोणापाशी बोलले नाही. पण भिंगरे, ती बाई माझ्यासमोर उभी असायची. मी बघतेय हे तिला ठाऊक असायचं. नको असेल तर ती दुसऱ्या शिंपिणीकडे जाऊ शकायची. तुझ्या मास्तरणीला तू ऐकलंस हेच मुळी ठाऊक नाही. तू काही केलं नाहीस हे खरं, पण ते जोवर तू लपवतेस तोवर तुझ्या गळ्यातलं लोढणं वाढतच जाणार.

तिला सांग. पत्र मिळेल त्याच दिवशी सांग. चिडेल, बोलेल, ऐकून घे. आणि सांगायच्या आधी तिच्यावर उगाच दया करायला जाऊ नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

पत्र वेळेवर पोचावं आणि तू ऐकावंस, एवढं झालं की माझा लोभ तुझ्याकडेच आहे.
तुझी,
आत्या


१२ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मी मार्ग काढलाय. शाबासकी दे.

साहेबांनी भिंतीवर एक मोठा पडदा लावलाय. त्यावर दिवसभर सगळ्यांच्या नावापुढे चुकांचा आकडा दिसतो. शेजारच्याचा आकडा वाढला की माणसं खाली मान घालून हसतात; पूर्वी डबे उघडून एकमेकांत वाटून खाणारी माणसं, आता डबासुद्धा झाकून खातात. मास्तरीणबाईंचा आकडा रोज चढत होता. त्यांचं काम तपासायला माझ्याकडेच येतं. म्हणून मी आता त्यांच्या चुका नुसत्या दुरुस्त करते, त्यांच्या नावावर लावत नाही. आकडा शून्यावर आलाय!

शिवाय डोळ्यांवर ऊन येतं म्हणून सांगून मी जागा बदलून घेतली. आता मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. जेवतानाही तिकडेच. मागून साहेबांनी हाक मारली आणि त्यांना कळलं नाही, तर मी पेन पाडते, खाली वाकते आणि त्यांना हलकेच धक्का देते. कोणाला पत्ता नाही. तपासणीचं काय करायचं ते मात्र अजून सुचत नाही.

सांगून टाकावं असं एकदा वाटलं होतं. त्या चहा घेऊन आल्या, माझ्या हातात कप दिला, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर हा चहा बंद होईल. कप घेतला आणि चहा पिऊन टाकला.

लोभ राहू दे, शाबासकीसकट.
तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. सकाळीच सगळं फुटलं होतं.

मास्तरीणबाईंनी मला जिन्यात बोलावलं. जागा का बदललीस, असं विचारलं. ऊन, म्हटलं. त्या म्हणाल्या, की आठवडाभर खिडकीचा पडदा ओढलेला आहे. मग म्हणाल्या, की इतकी वर्षं पेपर तपासलेत, आपला स्वतःचा पेपर कसा गेला हे त्यांना कळत नाही असं मला वाटलं का. शून्य चुका त्यांच्या नव्हेत. मी काहीतरी थातुरमातुर बोलत राहिले. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग सांगितलं, की ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितलेली नाही, डॉक्टरला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. घरात फक्त एकाला सांगितली होती. एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिल्या. माझी मान खाली गेली. संपलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, आणखी काय काय ऐकलंस. मी शप्पथ घेऊन सांगितलं, की तेवढंच. त्या म्हणाल्या, की त्यांनी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा. त्या घरात भांडतात, रडतात, नवऱ्याबद्दल नको ते बोलतात, आणि आता प्रत्येक वाक्य आठवून बघायचं की हे हिला माहीत आहे का.

तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर नाही. शेजारी बसून कॉम्प्युटरवर निरोप पाठवतात, कृपया तपासावे. बाळ गेलं, आत्या, मी आता कृपया झाले.

आणि त्यांनी साहेबांकडे तक्रार केलीय. कामावरच्या माणसांच्या घरचे आवाज आमच्याकडे येऊ देणार नाही, असं कंपनीने कबूल केलं होतं. तरी त्यांचा आवाज आला. तुकडा न ऐकता पुसून टाका, ही पहिली मागणी, आणि तो मी लिहिलेल्या मजकुरासकट पुसलाही. त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलेलं नाही, माझं नावही घेतलेलं नाही. पण तो कोणाकडे गेला याची नोंद असतेच. पुढच्या शुक्रवारी आम्हा दोघींना साहेबांनी बोलावलंय.

आवाज ओळखला होता असं म्हटलं तर माझी नोकरी गेली. ओळखला नाही म्हटलं तर कोणाच्या बापाला सिद्ध करता येणार नाही. मला नोकरी हवी आहे, आत्या. इतकी पायपीट करून मिळालेली ही पहिली धड नोकरी. मी नाही म्हणणार आहे. मला रागावू नकोस.

लोभ ठेव, मी त्याच्या लायक नसले तरी.
तुझी,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र ओळखीच्या एका बाईबरोबर हातोहात पाठवतेय, म्हणजे ह्या खेपेला उशीर नको.

रागावले आहे. तरी तुझ्या काळजीने कालपासून एक बाही उलटी लावून बसलेय, तेव्हा राग किती ते समजून घे. खोटं बोलून तू नोकरी वाचवशील, हे कबूल. पण त्या बाईला तू आधीच सांगितलंयस की तेवढंच ऐकलं. आता तिच्यासमोर साहेबाला सांगणार की काहीच ओळखलं नाही. मग तुझा पहिला शब्द तिने कसा खरा मानायचा? जन्मभर ती समजेल की ह्या पोरीने माझं सगळं घर ऐकलं. तेवढा एक शब्द तिच्यापाशी खरा राहू दे.

आणि जे ओळखलंस ते सांग, जे ऐकलंस ते नव्हे. ते तिचं आहे. दोन्हीतला फरक तुझ्या साहेबाला कळला नाही तर त्याचं नशीब.

नोकरी गेली तर इकडे ये. काजं करायला बसवीन. तुला काजं येत नाहीत हे ठाऊक आहे.

लोभ मोजून देत नाही, हवा तेवढा ने.
आत्या


२ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्या खेपेला वेळेत मिळालं. शनिवारच्या गाडीने येतेय. आईला सांगितलंय. ती रडली, मग माझ्या बॅगा भरायला लागली.

साहेबांच्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. साहेबांनी आधी मास्तरीणबाईंना विचारलं, की तुम्हाला ऐकलं असं कोणी येऊन सांगितलं का. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, की नाही, कोणी एक शब्दही सांगितला नाही. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी सुटले होते, आत्या. त्यांनी मला सोडवलं होतं आणि त्याच वाक्यात मला जे सुनावायचं तेही सुनावलं होतं. मी म्हटलं, मी ओळखला होता आवाज.

साहेब खुर्चीत मागे रेलले. तुकड्यात काय होतं ते सांग म्हणाले. साधंच काही असेल तर फार ताणणार नाहीत, असंही म्हणाले. मी म्हटलं, ते माझं नाही, मी सांगणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, की असं असेल तर कंपनीला माझा उपयोग नाही.

तेव्हा मास्तरीणबाईंनी आपण होऊन सांगितलं, की त्यांच्या डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेच होतं त्यात, एवढ्यासाठी पोरीला घालवू नका. साहेबांनी ऐकलं, आणि माझा निकाल काही बदलला नाही. मास्तरीणबाईंना मात्र ऐकण्याच्या कामावरून काढून वाचून तपासण्याच्या कामावर टाकलंय, डॉक्टरचा कागद येईपर्यंत. पुढचं कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं म्हणे.

मी टेबल आवरून निघाले, तर त्या फाटकापर्यंत आल्या. मी माफी मागायला लागले, तर हातानेच थांबवलं. त्या म्हणाल्या, की पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर त्यांनी आठ दिवस माझं तोंड बघितलं नसतं. पण मग नववा दिवस आला असता. रोज घरी जाऊन त्या एका डबीशी बोलत राहिल्या, कारण सांगायला कोणी नव्हतं. आणि मी सगळा वेळ हाताच्या अंतरावर बसले होते, सगळं माहीत असून.

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी रस्त्यावर उभं राहून खूप रडले, लोक बघत होते तरी.

स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, मी येईन. लोभ घेऊन दारात उभी राहा, म्हणजे झालं.
तुझी,
भिंगरी