वसईची पुढची खोली आणि माझी ॲसिडिटी

मी, आग्नेस सबॅस्टियन तुस्कानो, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार वसई, सध्या मुक्काम अबू हमूर, दोहा, व्यवसायाने नर्स प्रॅक्टिशनर, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. रविवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. त्यानंतरच्या शुद्धीची हमी देता येत नाही.

१. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण, हे वकिलांनी तीनदा विचारलं, म्हणून नोंदवते. पेशंट मी तपासते, निदान मी करते, औषध मी ठरवते. खाली सही डॉक्टरांची. ती सही नको, आम्हाला स्वतंत्र काम करू द्या, असं बावीस पानी भाषण मी एका परिषदेत केलं होतं. ते माझ्या कागदांवर सही करणाऱ्या डॉ. इम्रान यांना द्यावं. दुसऱ्या पानाला त्यांना झोप लागली होती.

२. माझ्या स्वतंत्र प्रॅक्टिसला आजवर एकच पेशंट मिळाला: मी. पोट फुगायचं. ॲसिडिटी ठरवली, गोळ्या दिल्या, चार महिने फॉलोअप ठेवला. पेशंटची एकही तक्रार नव्हती. शेवटी माझ्या हाताखाली शिकणारी नर्स भैरवी म्हणाली, "सिस्टर, खांद्यांची हाडं दिसतायत आणि युनिफॉर्म पोटावर घट्ट? यल्ला, चला, झोपा टेबलावर." तिच्या हाताला गाठ लागली. मी तिला ॲसिडिटीवर लेक्चर दिलं, तेही आडवं पडून. माझा स्टेथोस्कोप तिला द्यावा.

३. बँकेत असेल ते आणि वसईचं घर माझा मुलगा डॉ. डीन याला. पुढच्या खोलीत त्याला दवाखाना काढायचा आहे. त्या खोलीपुरती एक अट. भैरवी पुढच्या वर्षी कायमची विरारला परतते आहे. खोलीत तिचं टेबल असावं. पेशंटला आधी ती तपासेल, आणि तिचं ऐकून घेतल्याशिवाय डीनने कागदाला पेन लावू नये. कायद्याला तिथे सही त्याचीच लागते, ती त्याने करावी. अट अमान्य असल्यास खोली पॅरिशच्या कॅरम मंडळाला.

हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा डीन म्हणाला, "मम्मी, मग मी एवढी वर्षं शिकलो कशाला?"

"मीसुद्धा शिकले होते."

"तेच तर! नर्सने एकटीने निदान केलं की असं होतं."

"मला गाठ सापडली नाही. सापडली ती पण नर्सलाच. आणि तू चुकलास तर तुला कोण सांगणार?"

डीन म्हणाला, "टेबल केवढं हवंय तिला?"

४. भैरवीची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. साक्षीदाराला दिलेली वस्तू बाद होते, असं वकील सांगतात. ती रुसली आहे.

५. मी ऑपरेशनमधून उठले, तर वरचं सगळं खलास समजावं. खोली माझ्याच दवाखान्याला लागेल. डीन आणि भैरवी, दोघांनी तिथल्या नोकरीसाठी रीतसर अर्ज करावेत. मुलाखत मी घेईन.

सही: आग्नेस स. तुस्कानो
साक्षीदार: १. डॉ. सुफियान, सहकारी. २. ताहेरुन्निसा, शेजारीण.
दोहा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५