मुकी घुंगरं

भाद्रपद वद्य चतुर्दशी, दिवेलागण

फिरला! डबा फिरला! अक्षर बघा कसं उड्या मारतंय. उद्या आमच्याकडचा भादवी पोळा. दरवर्षी बैलांच्या पट्ट्यांवरची पितळी घुंगरं चिंच अन् राखेनं घासून माझी बोटं हिरवी होतात. यंदा म्हटलं बास. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढली, रंगाचा रिकामा डबा तिला आडवा जोडला. आत लाकडाचा भुसा, चिंचेचं पाणी अन् पट्ट्यांवरून सोडवलेली घुंगरं. तासाभरानं झाकण काढलं तर पितळ असं झळकलं की मी ओरडलेच.

सासरे ओट्यावरून बघत होते. त्यांनी एक घुंगरू उचलून कानाशी हलवलं. गप्प! दुसरं, तेही गप्प.

"चकाकतंय लई, पण बोलत न्हाई."

ओला भुसा फटीतून आत जाऊन घट्ट बसलेला. एवढं साधं मला कसं सुचलं नाही?

"पोरी, केसातला आकडा दे."

मग ते फटी कोरत बसले, मी भुसा झटकत. पहिलं घुंगरू वाजलं तेव्हा गोठ्यातल्या बैलांनी माना वळवल्या. काय आवाज होता तो!

सासरे उठून आत गेले अन् हौशाचा पट्टा घेऊन आले. त्यांचा हा लाडका बैल गेल्यापासून तो पट्टा खुंटीवर काळा पडला होता, पण त्यांनी त्याला कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"ह्याची बी टाक. पण आदी फटीत चिंध्या कोंब."

डबा आत्ता फिरतोय. सासरे त्याच्याजवळ उकिडवे बसलेत, हौशाजवळ बसायचे तसे.